आई-वडिलांना घेऊन अमेरिकेच्या नैऋत्य वाळवंटात ट्रेलरने फिरावे का?

प्रश्नकर्त्यांनी लिहिले आहे की त्यांचे आई-वडील, वय 67 आणि 72, ऑक्टोबरात पहिल्यांदाच अमेरिकेत येत आहेत आणि हाताशी सात दिवस आहेत. ॲरिझोना-युटाचा वाळवंटी भाग त्यांना ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडायचे चाकांवरचे छोटे घर, ओढत दाखवावा की गाडी आणि हॉटेल हाच मार्ग बरा, आणि कोणती ठिकाणे चुकवू नयेत, असे त्यांनी विचारले आहे.

ट्रेलरने जा, आणि सात दिवसांत चारपेक्षा जास्त ठिकाणी मुक्काम करू नका. इतके सांगून थांबता आले असते, परंतु याच प्रश्नावरून माझे आणि माझ्या थोरल्या भावाचे 2018 साली जे वाजले ते अजून पूर्णपणे मिटलेले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

दादाचे म्हणणे असे होते की सत्तरीच्या घरातल्या माणसांना चाकांवरच्या डब्यात झोपवणे म्हणजे त्यांचे हाल करणे होय. आपण परदेशात कमावतो तर त्यांना चांगल्या हॉटेलात ठेवावे, आणि ट्रेलर ही तुझी हौस आहे, तिचा भार त्यांच्यावर टाकू नकोस. त्याने स्वतः 2016 मध्ये त्यांना सहा दिवसांत लास व्हेगस, हूवर धरण, झायन, ब्राइस, पेज आणि ग्रँड कॅन्यन दाखवले होते. खर्चात त्याने कसूर केली नव्हती आणि त्याच्या प्रेमाविषयीही मला शंका नाही. मात्र आई नाशिकला परतल्यावर शेजारणीला फोटो दाखवू लागली तेव्हा कोणता कडा कुठला हे तिला सांगता येईना. रोज सकाळी सातला बॅगा भरायच्या आणि रात्री नव्या खोलीत उघडायच्या, एवढे मात्र तिच्या पक्के लक्षात राहिले होते. बाबांची अडचण त्याहून मोठी होती. त्यांना प्रोस्टेटचा त्रास असल्याने तास-दीड तासाने उठावे लागते. या भागात एका पेट्रोल पंपापासून दुसऱ्या पंपापर्यंत कधीकधी पन्नास-साठ मैल काहीही नसते, आणि मुलाला पुन्हा पुन्हा गाडी थांबवायला सांगण्याचा संकोच वाटून त्यांनी पाणी पिणेच सोडले. तिसऱ्या दिवशी ब्राइसच्या कड्यावर, म्हणजे आठ हजार फुटांवर, त्यांना घेरी आली. दादा आजही म्हणतो की तसे विशेष काही झाले नव्हते. मला ही गोष्ट बाबांनी स्वतः, आई जवळ नसताना सांगितली.

म्हणून कोणी मला विचारले की वृद्ध माणसांसाठी ट्रेलर कशाला, तर माझे पहिले उत्तर शौचालय हे असते. ते सतत आपल्या मागे असते, स्वच्छ असते, ओळखीचे असते, आणि रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागा दिसली की दोन मिनिटांत तिथे जाता येते. 2018 मध्ये मी त्यांना ट्रेलरने नेले, त्या आठ दिवसांत बाबा दिवसाला दोन लिटर पाणी पीत होते. दुसरे उत्तर स्वयंपाकघर. आम्ही निघालो त्या दिवशी एकादशी होती, आणि आय-17 महामार्गाचा चढ चढून गेल्यावर सनसेट पॉइंटच्या विश्रांतिस्थळी आईने ट्रेलरमध्ये साबुदाण्याची खिचडी केली. कोणत्याही हॉटेलच्या न्याहारीत आपल्याला काय चालेल हे शोधत ती ताट घेऊन फिरत नव्हती. पाण्याची टाकी चाळीस गॅलनची, म्हणजे सुमारे दीडशे लिटरची असल्यामुळे चौघांना ते पुरवून वापरावे लागेल अशी मला धास्ती होती; पण येवला-मनमाडकडच्या माणसाला पाणी पुरवून वापरायला शिकवावे लागत नाही. आईने भांडी ज्या हिशेबाने घासली ती पाहून माझ्या पत्नीने आणि मी आमची रीत बदलली.

आता टायर फुटल्याच्या प्रसंगाकडे येतो, कारण दादा आजही कौटुंबिक गटावर त्याचाच दाखला देतो.

आमचा ट्रेलर 22 फुटी, दोन आसांचा आणि जुना घेतलेला होता. विकणाऱ्याने टायर जवळजवळ नवे आहेत असे सांगितले, आणि टायरांवरची नक्षी खोल दिसत असल्याने मी विश्वास ठेवला. पहिली रात्र हॉलब्रुकला काढून दुसऱ्या दिवशी पेट्रिफाइड फॉरेस्ट पाहिले. तिथला 28 मैलांचा रस्ता ट्रेलरसकट पार करता येतो. वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे दगड झालेले ओंडके पाहताना बाबांनी एकावर हात ठेवून सालीच्या रेषा चाचपल्या. तिथला खडाही उचलू नका; ज्यांनी उचलले त्यांपैकी अनेकांनी पुढे पश्चात्तापाच्या पत्रासह ते टपालाने परत पाठवले आहेत. दुपारी आम्ही चेंबर्सपाशी आय-40 सोडली, 191 क्रमांकाच्या रस्त्याने उत्तरेला गनाडोकडे निघालो, आणि काही मैलांवर ट्रेलरचा उजवीकडचा मागचा टायर फुटला.

आवाज बंदुकीसारखा झाला. ब्रेकवर पाय न मारता मी वेग आपोआप उतरू दिला आणि गाडीतल्या ब्रेक-कंट्रोलरच्या कळीने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावले, त्यामुळे ट्रेलर झोकांड्या न खाता कडेला आला. फाटलेल्या रबराच्या पट्ट्याने चाकावरचा पत्रा उचकटला होता आणि खालच्या सांडपाण्याचा पाइप तुटून लोंबत होता. जादा चाक होते, पण ट्रेलर ओढणाऱ्या आमच्या पिकअपचा पाना ट्रेलरच्या नटांना बसत नव्हता. ही चूक सर्वस्वी माझी होती. घरी असताना एकदा पाना लावून पाहायला हवा होता. फोनला रेंज नव्हती.

मी हवालदिल झालो होतो; बाबा मात्र झाले नव्हते. ते एस.टी.च्या कार्यशाळेत एकतीस वर्षे होते. त्यांनी चष्मा चढवला, उरलेल्या तिन्ही टायरांच्या बाजूंवर बोट फिरवले आणि मला जवळ बोलावले. "नक्षी बघू नकोस, इथं बघ," असे म्हणून त्यांनी रबरातल्या केसासारख्या बारीक भेगा दाखवल्या. मग टायरच्या बाजूवर डी-ओ-टी या अक्षरांनंतर येणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे आम्ही वाचले: 2311. याचा अर्थ तो टायर 2011 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला होता. ट्रेलरचे टायर झिजून जाण्याआधी उभ्या उभ्या, उन्हाने वाळून मरतात. पाच-सहा वर्षांनी ते दिसायला कितीही चांगले असले तरी बदलायचे असतात. आमचे सात वर्षांचे होते.

अर्ध्या तासाने एका पिकअपमधून चाललेले पन्नाशीचे एक नवाहो, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी जमातीतले, गृहस्थ थांबले. त्यांच्याकडे चार तोंडांचा पाना होता. जॅकची गरज नाही, असे त्यांनी खुणेने सांगितले. आमचेच पातळी साधायचे प्लॅस्टिकचे ठोकळे उजवीकडच्या पुढच्या चाकासमोर रचून त्यांनी मला ट्रेलर हळूच त्यांवर चढवायला लावला, आणि मागचे फुटलेले चाक अधांतरी लटकले. दोन आसांच्या ट्रेलरला ही युक्ती लागू पडते. नट एकदम न काढता जमिनीवर असतानाच सैल करायचे असतात, हे त्यांना आणि बाबांना एकमेकांना सांगावे लागले नाही. दोघांत भाषा जवळजवळ नव्हतीच. एक नट सैल करी, दुसरा पाना पुढच्या नटावर धरी. बाबांनी तुटलेला पाइप तारेने बांधला. त्या गृहस्थांनी पैसे घेतले नाहीत, आईने दिलेले शेंगदाण्याचे लाडू घेतले, आणि चिन्लेपर्यंत, म्हणजे आमच्या पुढच्या मुक्कामापर्यंत, ताशी 45 मैलांच्या वर जाऊ नका असे बजावून ते गेले.

दादा म्हणतो की त्या दिवशी आई-बाबा वाळवंटात रस्त्यावर उभे होते. खरे आहे, पण 2016 च्या सहलीत बाबांना कोणीही, कशासाठीही काही विचारले नव्हते. त्यांना गाडीत बसवले जाई आणि उतरवले जाई. त्या दुपारनंतर मात्र प्रत्येक थांब्यावर ते आधी उतरून चारही चाकांच्या मध्याला हाताचा मागचा भाग लावत आणि एखादे चाक इतरांहून तापले आहे का ते पाहत. हे काम मी पुन्हा कधी केले नाही, कारण ते त्यांचे होते.

या अपघातामुळे आमचा सगळा बेत बदलला आणि त्यातूनच सहलीतला सर्वांत चांगला भाग हाती आला. चिन्लेला कॅन्यन डी शे या दरीच्या तोंडाशी असलेल्या कॉटनवुड कॅम्पग्राउंडवर एका रात्रीसाठी जायचे होते. तिथे आम्ही चार रात्री राहिलो. ट्रेलर झाडाखाली सोडून दुसऱ्या दिवशी चौघे पिकअपने नव्वदएक मैलांवरच्या गॅलपला गेलो आणि चार नवे टायर घेतले. मोटारहोम, म्हणजे घर आणि गाडी एकच असलेले वाहन, असते तर घरच उचलून न्यावे लागले असते, हा ट्रेलरचा आणखी एक फायदा लक्षात घ्या.

परतताना गनाडोच्या हबेल ट्रेडिंग पोस्टला थांबलो. जॉन लोरेन्झो हबेल यांनी 1878 मध्ये घेतलेली ही पेढी त्यांच्या कुटुंबाने पुढे राष्ट्रीय उद्यान सेवेला विकली, आणि नवाहो विणकरांच्या घोंगड्या-गालिचांचा व्यवहार तिथे आजही चालतो. आत एक वयस्क बाई उभ्या मागासमोर बसून विणत होत्या. माझ्या आईचे माहेर येवल्याचे आणि आजोबांच्या घरी पैठणीचा माग होता. मागावर धोटा नाही, रंगीत लोकरीचा प्रत्येक तुकडा बोटांनी तेवढ्याच धाग्यांतून काढून पुढच्या रंगाला अडकवायचा आणि लाकडी फणीने खाली ठोकायचा, हे आईने क्षणभर पाहिले आणि भिंतीवर टांगलेल्या गालिचाचा कोपरा उलटून त्याची पाठ पाहिली. पाठ आणि पोट सारखेच होते. हातमागाची खरी पैठणीही अशीच ओळखतात, कारण नक्षीचा प्रत्येक रंग त्याच्या जागेपुरता हाताने गुंतवलेला असतो आणि मागे सुटे धागे लोंबत नाहीत. विणणाऱ्या बाईंनी आईला कोपरा उलटताना पाहिले आणि हातातले काम थांबवून तिला जवळ बसायला जागा करून दिली. पुढचा सव्वा तास मी दुभाष्याचे काम केले. आईने विचारले की आडवा दोरा किती ताणायचा हे कसे ठरवता. त्यांनी आईचे बोट धरून लोकरीवर ठेवले. काठातून आरपार बाहेर जाणारी एक बारीक वेगळ्या रंगाची रेघ त्यांनी दाखवली आणि सांगितले की विणणाऱ्याचे मन त्या चौकटीत अडकून पडू नये म्हणून ती वाट ठेवतात. हे ऐकून आई बराच वेळ काही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी जीपने कॅन्यनच्या तळात गेलो. तिथे नवाहो वाटाड्यासोबतच जावे लागते, आणि ते योग्यच आहे, कारण हे राष्ट्रीय स्मारक 1931 मध्ये घोषित झाले असले तरी जमीन नवाहोंची आहे आणि त्या तांबड्या कड्यांखाली आजही त्यांची शेते आहेत. आमच्या वाटाड्याने सुमारे हजार वर्षांपूर्वीचे, कड्याच्या कपारीत बांधलेले व्हाइट हाउस नावाच्या प्राचीन वस्तीचे अवशेष दाखवले, पण त्याचा जीव गुंतला होता तो पीचच्या झाडांत. 1864 मध्ये अमेरिकी सैन्याने या दरीतल्या पीचच्या बागा तोडल्या आणि हजारो नवाहोंना तीनशेहून अधिक मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या बोस्के रेडोंडोला नेले. 1868 च्या तहानंतर ते परतले आणि त्यांनी पुन्हा झाडे लावली. बाबांनी शेतात काय घेता असे विचारले. मका, घेवडा, भोपळा, असे उत्तर आले. त्याच मुक्कामात कोजागिरी आली. रात्री पारा शून्याजवळ गेला होता तरी आईने गॅसवर दूध आटवले, आणि पिवळ्या पडलेल्या कॉटनवुडच्या पानांतून येणाऱ्या चांदण्यात आम्ही कानटोप्या घालून ते प्यायलो. शेजारच्या ट्रेलरमधल्या मिनेसोटाच्या जोडप्यालाही दिले.

पुढे मॉन्युमेंट व्हॅलीला एक रात्र आणि ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर एक रात्र, इतकेच झाले. मॉन्युमेंट व्हॅलीचा 17 मैलांचा कच्चा फेरा ट्रेलरला बंद आहे, म्हणून ट्रेलर आधी कॅम्पग्राउंडवर सोडा. ते नवाहो उद्यान असल्याने राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास तिथे चालत नाही. ग्रँड कॅन्यनला कॅमेरॉनकडून, म्हणजे पूर्वेच्या डेझर्ट व्ह्यू दाराने जा. मेरी कोल्टर यांनी आराखडा केलेला 1932 चा दगडी मनोरा आणि खाली वळण घेणारी कोलोरॅडो नदी एकत्र दिसतात, आणि मुख्य भागातली गर्दी लागण्याआधी आई-वडिलांना निवांत बसायला मिळते. पेज, अँटिलोप कॅन्यन, हॉर्सशू बेंड हे सगळे आम्ही सोडले. "इतक्या जवळ जाऊन अँटिलोप नाही दाखवलंस?" असे दादाने फोनवर विचारले. नाही दाखवले. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

दादाचा सर्वांत कडवट आक्षेप मात्र मी अजून लिहिला नाही. "त्या टाकीतली घाण तू स्वतः उपसणार?" असे त्याने विचारले होते. होय, मी स्वतः उपसतो. हातमोजे घालायचे, जाड नळी डम्प स्टेशनच्या, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या ठिकाणाच्या, तोंडाला घट्ट बसवायची, आधी शौचालयाची टाकी सोडायची आणि मग सांडपाण्याची, म्हणजे नळी धुऊन निघते. दहा मिनिटांचे काम आहे. ज्यांना हे कमीपणाचे वाटते त्यांनी ट्रेलरने जाऊ नये, आणि आई-वडिलांच्या सेवेविषयी मला काही सांगूही नये.

आता काही गोष्टी, ज्या खरे तर आधी सांगायला हव्या होत्या. तुम्ही आजवर कधीच ट्रेलर ओढला नसेल तर आई-वडिलांना घेऊन पहिला प्रयोग करू नका. मी त्याआधी दोन वर्षे ओढत होतो. हिचवरचे, म्हणजे गाडी-ट्रेलरच्या जोडावरचे, वजन आणि ट्रेलरचे हेलकावे रोखणारे स्वे बार यांविषयी तुम्ही वाचले असेलच. पण मागे घेण्याचा सराव मोकळ्या पार्किंगमध्ये चार-पाच शनिवार केल्याशिवाय येत नाही. भाड्याच्या साध्या गाडीने ट्रेलर ओढायला बहुतेक भाडेकरारांत मनाई असते, तेव्हा ओढायला योग्य गाडी नसेल तर लहान मोटारहोम घ्या. शौचालयाचा आणि स्वयंपाकाचा मुद्दा तिथेही लागू आहे. चालत्या ट्रेलरमध्ये कोणालाही झोपू देऊ नका. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सात हजार फुटांवर आहे, म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचारा. ॲरिझोनात उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे करत नाहीत पण नवाहो प्रदेशात करतात, त्यामुळे ऑक्टोबरात तिथे एक तास पुढची वेळ असते आणि फोन मधूनच बदलतो; बाबांच्या गोळ्यांसाठी आम्ही एक मनगटी घड्याळ फिनिक्सच्या वेळेवर ठेवले होते. युटाच्या 261 क्रमांकाच्या रस्त्यावरच्या मोकी डगवेच्या कच्च्या घाटात, नकाशा कितीही जवळचा रस्ता म्हणून दाखवो, ट्रेलर घालू नका.

आणि घरून निघण्याआधी चारही टायरांवरचे ते चार आकडे वाचा, जादा चाकावरचेही.

सात दिवसांची वाटणी मी अशी करीन: हॉलब्रुक एक रात्र, चिन्ले तीन, मॉन्युमेंट व्हॅली एक, ग्रँड कॅन्यन एक, सातव्या दिवशी घरी. वेळ कमी पडला तर हॉलब्रुक सोडा आणि पेट्रिफाइड फॉरेस्ट जाता जाता पाहा, पण चिन्लेची रात्र कमी करू नका.